शाळेत मुलांसाठी गाण्या-वाजवण्याचा कार्यक्रम करायचाय, कसा आखू?

राधानगरीची_बाई
नमस्कार. मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिसरी ते सातवीच्या मुलांना कलाकारांसमोर बसून गाणं ऐकायला मिळावं आणि नुसतं ऐकण्यापेक्षा त्यांनाही त्यात काहीतरी करता यावं, अशी फार इच्छा आहे. मोबाइलवरची गाणी सगळ्यांना तोंडपाठ, पण तानपुरा एकानंही जवळून बघितलेला नाही. मागं दुसऱ्या एका शाळेतला कार्यक्रम बघितला होता. सत्कार, हार, भाषणं, मग लांबलचक ख्यालगायन, आणि गुरुजी ‘गप्प बसा’ म्हणत रांगांमधून फिरतायत. तसं नकोय. वेळ किती ठेवू? शास्त्रीय की लोकसंगीत? हॉल नाही, वर्ग आणि पटांगण आहे. पैसे बेताचेच.

घुमकं_कागल
मॅडम, हलगीनं सुरुवात करा. कुस्तीचं मैदान असू दे नाहीतर जत्रा, हलगी आपल्याकडच्या पोरांच्या कानात लहानपणापासून असते. पण ती आधी जाळावर का शेकतात, हे कुणी दाखवलेलं नसतं. पटांगणात थोडं पाचट पेटवा. शेकायच्या आधी एक ठोका, शेकल्यावर एक. कातडं ताणलं की आवाज कसा चढतो ते पोरं स्वतःच सांगतील. विज्ञानाचा तास पण होतोय की!

डग्गा_शाहूपुरी
ताई, मी तबला शिकवतो आणि शाळांमधून असे कार्यक्रम मनापासून करतो. पहिलं म्हणजे माइक नको. वर्गाला तबल्याचा मूळ आवाज पुरतो, आणि तोच मुलांनी कधी ऐकलेला नसतो. स्टेज नको, सतरंजी टाका आणि मुलांना भोवतीनं बसवा. वेळ चाळीस मिनिटं, एका वेळी एकच वर्ग.

तीनताल फळ्यावर समजावू नका, हातात द्या. मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, १६. टाळी १, ५ आणि १३ ला. ९ ला खाली, तिथं टाळी न देता हात बाजूला न्यायचा. वर्गाचे दोन गट करा, एकाकडे टाळ्या, दुसऱ्याकडे फक्त खाली. खालीवाल्यांना काम एकच, पण ते चुकू नये म्हणून पोरं श्वास रोखून बसतात. मग मी डोळे मिटायला लावतो, नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, धरतो आणि सांगतो, ‘डग्गा गप्प झाला की हात वर.’ डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा. ‘तिं तिं ता’ आलं की डग्ग्याचं घुमणं थांबतं. पहिल्या आवर्तनाला, म्हणजे सोळा मात्रांच्या पहिल्या फेरीला, दोन-चार हात वर जातात, थोड्या वेळात सगळा वर्ग. व्याख्या एका ओळीचीही सांगितलेली नसते, आणि ताल कळलेला असतो.

तानपुऱ्याचं पण तसंच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो, तो एखाद्या मुलीला सरकवायला द्या. दोरा जागेवर नसेल तर तार मुकी वाटते, बसला की सगळा वर्ग भरून जातो. हे वाद्य आपल्या शेजारी मिरजेत बनतं, तेही सांगा.

गायक असेल तर भूप राग घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर. गायकानं चार स्वर म्हणायचे, मुलांनी परत द्यायचे. नंतर उलटं: मुलानं स्वतःचे चार स्वर म्हणायचे आणि गायकानं त्यांना उत्तर द्यायचं. माझ्या मते कार्यक्रमाचा खरा जीव इथं आहे.

शास्त्रीय की लोकसंगीत, हा प्रश्न मोठ्यांचा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले, तिथंच शाहिरांचा डफही घुमला. दोन्ही ठेवा.

देवल_क्लबच्या_मागं
पैशाबद्दल थोडं. किरण सेठ यांनी १९७७ साली सुरू केलेली स्पिक मॅके ही चळवळ कलाकारांना शाळा-कॉलेजांत घेऊन जाते, तिथं विचारून बघा. कोल्हापुरात १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे, तिथंही चौकशी करा. हलगीवाल्याला मात्र नुसत्या शाल-नारळावर पाठवू नका. गायकाला मानधन असेल तर त्यालाही द्या.

राधानगरीची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. डग्गा सर, मुलांना तबल्याला हात लावू द्यावा का? आणि श्रावणात ठेवला तर?

डग्गा_शाहूपुरी
हात लावू द्याच. मी एक जुनी जोडी वेगळी आणतो. मुलांना हात धुऊन कोरडे पुसायला लावा, ओल्या हातानं तबल्यावरची काळी गोल शाई खराब होते. श्रावण नको ताई. तुमच्याकडच्या पावसात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरते, हलगीही सारखी शेकत बसावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा शनिवार बघा, सकाळची शाळा असते.