मदत हवी आहे: मायरिंगेन ते ग्रोसे शाइडेग, रोडबाईकने. गिअर पुरतील का?

सायकलवारी:
स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेनहून रोझेनलाउईच्या खोऱ्यात चढून पुढे ग्रोसे शाइडेग खिंड आणि पलीकडे ग्रिंडेलवाल्डला उतरायचं, असा बेत आहे. मायरिंगेन ५९५ मीटरवर, खिंड १,९६२ मीटरवर. अंतर साधारण साडेसोळा किमी, म्हणजे सरासरी चढ ८ टक्क्यांच्या थोडा वर.

सायकल: पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या, मागे ११-२८ दातांची कॅसेट (चकत्यांचा संच), ११ स्पीड शिमानो १०५ (आर७०००), आखूड पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), ॲल्युमिनियम रिम आणि रिम ब्रेक. सायकल, पाणी, सामान धरून एकूण वजन ८२ किलो. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) २०० वॅट. ३४/२८ वर निभेल का? नसेल तर नेमकं काय बदलावं? उताराबद्दलही सांगा.

दातेरी चक्र:
आठ टक्के हा आकडा इथे फसवा आहे. ग्श्वांटेनमाडच्या कुरणापासून श्वार्त्सवाल्डाल्पपर्यंत साडेतीनेक किमीत जेमतेम १५० मीटर चढ आहे. तो तुकडा वगळला की उरलेल्या तेरा किमींची सरासरी ९ टक्क्यांच्या वर जाते, म्हणून हिशोब १० टक्क्यांनीच करा.

हा चढ दोन तासांचा आहे, त्यामुळे एफटीपीच्या ८०-८५ टक्क्यांवर, म्हणजे १६५ वॅटच्या आसपास राहायला हवं. ८२ किलो वजन १० टक्के चढावर १६५ वॅटमध्ये ताशी ७ किमीच्या किंचित खाली चालतं. त्या वेगाला ३४/२८ वर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) येते ४५, ३४/३४ वर ५४. १२ टक्क्यांच्या तुकड्यात ३४/२८ वर ती चाळिशीच्याही खाली घसरते. तेवढ्या कमी केडन्सवर प्रत्येक पेडलला मांडीचा जोर लागतो, दम शिल्लक असतानाच पाय संपतात आणि गुडघ्यांवर ताण येतो तो वेगळाच.

तेव्हा ११-३४ कॅसेट घ्याच. पण नुसती कॅसेट बदलून भागणार नाही. आखूड पिंजऱ्याचा (एसएस) डिरेलर ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी त्याहून लांब पिंजऱ्याचा (जीएस) लागतो. शिवाय शिमानोची ११ स्पीडची ११-३४ कॅसेट (एचजी७०० किंवा एचजी८००) ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ रिंग) घालावा लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते.

सायकलवारी:
हँगरला (डिरेलर जिथे टांगलेला असतो तो भाग) एक्स्टेंडर लावून जुनाच डिरेलर वापरला तर?

दातेरी चक्र:
एक्स्टेंडरने डिरेलर खाली सरकतो, त्यामुळे त्याची वरची पुली (छोटं दातेरी चाक) ३४ दातांना घासत नाही, एवढंच. चेन ताणून धरायची त्याची क्षमता वाढत नाही. तुम्हाला लागणार (५०-३४) + (३४-११) = ३९ दात आणि एसएसची क्षमता आहे ३५. मग पुढे लहान, मागे लहान असताना चेन लोंबते. ती लोंबू नये म्हणून कोणी चेन आखूड केली तर खरा धोका: चुकून पुढे मोठी, मागेही मोठी चकती असा गिअर पडला की डिरेलर मोडतो, हँगरही जातो. जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे, तोच लावा.

चेन नवी घ्या. डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या मोठ्या चकतीवरून आणि मागच्या ३४ च्या चकतीवरून फिरवा, जुळेल तिथून दोन लिंक जास्त ठेवून तोडा. डिरेलरच्या बी-स्क्रूने वरची पुली आणि ३४ च्या दातांमध्ये ६ मिमीच्या आसपास फट ठेवा. आणि हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. गिअरची केबलही नवी घातली तर ती पहिल्या काही राईडमध्ये सैल पडते, इंडेक्सिंग (गिअर जुळवणं) पुन्हा करावं लागतं.

घाटमाथा:
गिअरचं वर आलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो.

मायरिंगेनलगतचं विलिगेन सोडल्यावर लगेच जंगलातला चढ अंगावर येतो. झ्विर्गीपर्यंत पाय ताजे असतात, म्हणून बहुतेक जण इथेच २०० वॅटच्या वर जातात आणि त्याची किंमत श्वार्त्सवाल्डाल्पच्या पुढे मोजतात. तिथून खिंड अजून ५०० मीटर उंच आहे. ग्श्वांटेनमाडला झाडी संपते, समोर वेलहॉर्न आणि वेटरहॉर्न ही शिखरं उभी राहतात. तो सपाट तुकडा वेग काढायला नाही, खायला-प्यायला वापरा. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तेही पहिल्या वीस मिनिटांपासून.

श्वार्त्सवाल्डाल्पच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, बस मात्र चालते. रस्ता एका बसएवढाच रुंद. वळणाआड तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की जागा दिसेल तिथे उजवीकडे थांबा. पिवळ्या पोस्टहॉर्नची पाटी असलेल्या रस्त्यावर बसला अग्रक्रम असतो आणि चालकाची सूचना पाळावीच लागते. पुन्हा निघताना रस्ता मोकळा असेल तर सायकल तिरकी धरा, ब्रेक दाबून एक पेडल वर-पुढे आणा, मग ब्रेक सोडत निघा. सरळ वर तोंड करून निघालात तर दुसरा बूट पेडलमध्ये अडकण्याआधीच सायकल थांबते.

सायकलवारी:
छान. जीएस, ११-३४ आणि नवी चेन नक्की. उतार?

घाटमाथा:
ग्रिंडेलवाल्ड १,०३४ मीटरवर, म्हणजे ९२८ मीटर उतार. ८२ किलोसाठी ही साधारण साडेसात लाख ज्यूल ऊर्जा होते. हळू, सतत ब्रेक घासत उतरलात तर हवेचा विरोध नगण्य राहतो आणि जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये जाते. ट्यूब फुटते ती अशी. सरळ तुकड्यावर ब्रेक सोडा, वळणाआधी दोन्ही जोरात दाबा, वळणात शिरण्याआधी सोडा. लेटेक्स ट्यूब नको, ब्यूटाइल घाला. २८ मिमी टायर असेल तर मागे ५, पुढे ४.५ बार हवा पुरे.

वाटेत गुरांसाठी लोखंडी जाळ्या लागतात. त्या काटकोनात, हँडल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता ओलांडा, ओल्या असतील तर विशेषच. खिंडीत मायरिंगेनपेक्षा नऊएक अंश थंड असतं आणि अंग घामाने भिजलेलं. वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे वर पोचताच चढवा, कारण बोटं गारठली की ब्रेकचा अंदाज जातो.

दातेरी चक्र:
एक राहिलं. ऐनवेळी तिथली भाड्याची सायकल घ्यायची वेळ आली तर ब्रेकचे लिव्हर तपासा. त्या देशात पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. आणि फोनमध्ये दोन नंबर ठेवा: रुग्णवाहिका १४४, डोंगरातल्या हवाई बचावासाठी रेगा १४१४.