दुरून डोंगर साजरे, पट्टकादंब नव्हे : साठ हजारांत टेलिफोटो झूम घ्यावी का?

मांजलपूरकरीण

मंडळी, मदत हवी आहे. आणि हो, भांडलात तरी चालेल, पण मुद्द्यावर.

गेल्या रविवारी वढवाण्याला गेले होते. बडोद्याबाहेरच्यांसाठी : डभोईच्या पुढे सयाजीरावांच्या काळात, १९०९-१० मध्ये, सिंचनासाठी बांधलेलं तळं. २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब (बार-हेडेड गूज, रानहंसाची एक जात) येतात, त्यांच्यासाठी आम्ही पहाटे साडेचारला उठतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो.

कॅमेरा कॅनन आर५०. सोबत आलेली ५५-२१० मिमी लेन्स आहे (एफ/५-७.१; एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). थवा पाळीपासून (तळ्याच्या बांधापासून) सव्वाशे-दीडशे मीटरवर बसला होता. घरी येऊन लॅपटॉपवर मोजलं, तर सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत एक पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ३०० पिक्सेल. डोक्यावरचे दोन काळे पट्टे, ज्यावरून त्याला नाव पडलं, ते माझ्या फोटोत आहेत असं मला वाटतं. यजमानांनी बघून विचारलं, "बदकं ना?"

तर बोनसमधले साठ हजार बाजूला काढलेत. वर एक रुपया नाही. पर्याय तीन :

एक, नवी आरएफ १००-४०० (एफ/५.६-८).
दोन, वापरलेली जुनी ईएफ-एस ५५-२५० एसटीएम (एफ/४-५.६) अधिक ती आर५०ला जोडणारा अॅडॉप्टर. निम्म्याहून कमी पैशांत होतं.
तीन, गप्प बसणे.

लेकीचा गरबा आणि शाळेचं गॅदरिंगही त्याच लेन्सवर निघालं तर देव पावला.

दांडियाबाजारचा_जुना

ताई, पर्याय एक आधी खोडा. एफ/८ ही काय लेन्स झाली का? आमच्या वेळी एफ/५.६ला सुद्धा "अंधारी कोठडी" म्हणायचे. चारशेला एफ/८ म्हणजे सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हात उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद शटर ठेवलंत की आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) तीन-चार हजारांवर. मग पिसांऐवजी रवा दिसतो. शिवाय खोक्यात हूडसुद्धा (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं झाकण-कडं) देत नाहीत, तो वेगळा विकत घ्या. इतके पैसे मोजून हूड नाही!

माझ्याकडे ५५-२५० एसटीएम दहा वर्षं आहे. पावणेचारशे ग्रॅम वजन, फोकस झटपट, आवाज नाही. अॅडॉप्टरमध्ये काच नसते, ती नुसती पोकळ नळी, त्यामुळे दर्जा उतरायचा प्रश्नच नाही. पर्याय दोन. विषय संपला.

पाणवठा

विषय संपला नाही, काका, आत्ता कुठे सुरू झालाय.

"एफ/८ अंधारी" हे डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) काळातलं खरं होतं, आणि कारण निराळं होतं. बहुतेक डीएसएलआर बॉड्यांचा ऑटोफोकस एफ/५.६च्या पुढे रुसायचा. काही महागड्या बॉड्या मधल्या बिंदूवर एफ/८पर्यंत जायच्या. म्हणून तशी झूम कुणी काढतच नव्हतं. ताईंच्या आर५०सारख्या मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस सेन्सरवरच होतो, एफ/११लाही चालतो. त्यामुळेच २०२१ मध्ये ६३५ ग्रॅमची चारशे मिलिमीटर झूम निघू शकली. माझ्या खांद्यावर आधी दीड-दोन किलो असायचं. आता पाळीवरून चार किलोमीटर चाललो तरी मान वळते.

आणि ताईंचा आकडा घ्या. २१०ला ३०० पिक्सेल म्हणजे ४००ला साधारण ५७०. पट्टे दिसतील. यजमानांना बदक म्हणता येणार नाही.

एफ_बाय_दोन

गणित निघालंच आहे तर पुरतं करू या. पक्षी दूर आहे, आपण जवळ जाऊ शकत नाही. अशा वेळी त्या पक्ष्याकडून किती उजेड आत येतो हे एफच्या आकड्यावर ठरत नाही, लेन्सच्या तोंडाशी उजेडाला किती मोठी वाट आहे त्यावर ठरतं. ती काढायची रीत सोपी : फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ आकडा.

ताईंची सध्याची : २१० भागिले ७.१, साडेएकोणतीस मिमी.
काकांची : २५० भागिले ५.६, साडेचव्वेचाळीस.
नवी : ४०० भागिले ८, बरोबर पन्नास.

आता क्षेत्रफळ धरा. काकांच्या लेन्सचा फोटो कापून चारशेइतका केला, तर तिने नव्या लेन्सच्या जवळजवळ ८० टक्के उजेड गोळा केलेला असतो. म्हणजे रव्याच्या बाबतीत फरक किरकोळ. सध्याच्या लेन्सचा मात्र ३५ टक्केच, ती खरंच अपुरी आहे.

उरले पिक्सेल. आर५०चे २४ मेगापिक्सेल. २५०वरून ४००इतकं कापलं की ३७५० बाय २५०० उरतात. ए-फोर कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३५०८ बाय २४८० लागतात. बसलं! ताई ए-फोरपेक्षा मोठी फ्रेम दिवाणखान्यात लावणार आहेत का?

म्हणजे काका निष्कर्षात बरोबर आहेत, कारणात चूक.

दांडियाबाजारचा_जुना

कारण तुमचं तुमच्याकडे ठेवा. निष्कर्ष बरोबर आहे ना? मग पुरे.

पाणवठा

एफभाऊ, कागदावर सगळं बसलं. पाण्यावर बसत नाही. तुमच्या हिशेबात एक गृहीत आहे : फोकस पक्ष्यावर लागलेला आहे. आर५० पक्षी ओळखून डोळा पकडते, पण पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढा असेल तर ती समोरचं गवत पकडते. २५०ला ३५० पिक्सेलचा पक्षी आणि ४००ला ५७०चा, या दोहोंत डोळ्यावर फोकसची चौकट बसणं-न बसणं हा माझ्या अनुभवात मोठा फरक आहे. चुकलेला फोकस कापून बरोबर करता येत नाही.

एक उदाहरण. गेल्या माघात वढवाण्याच्या कडेला बाभळीवर खंड्या बसला होता. शेजारच्या गृहस्थांकडे २५०ची लेन्स. खंड्या, मागे फांद्या, पुढे फांद्या. त्यांच्या चाळीस फोटोंत फांद्या सुरेख आल्या, प्रत्येक काटा मोजता येईल इतक्या.

वर आणखी एक, जे कुणी सांगत नाही. ही १००-४०० चारशेला जेमतेम मीटरभरावरून फोकस करते, तेव्हा सेन्सरवर प्रतिमा प्रत्यक्षाच्या ०.४१ पट उमटते. पक्षी नसतील तेव्हा काठावरच्या चतुरांवर वेळ छान जातो. दहानंतर तर तेच करावं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याची जिलबी होते. तेव्हा ना माझी लेन्स कामाची, ना काकांची, ना दोन किलोची ती मोठी तोफ.

सेवउसळ

सोनी घ्या ना सरळ. ७०-३५० आहे, ६२५ ग्रॅम, झकास.

मांजलपूरकरीण

@सेवउसळ दादा, साठ हजारांत बॉडी बदलून लेन्सही घ्यायची, तर उरलेले तुम्ही घालणार का? 🙂

सेवउसळ

घातले असते, पण सध्या माझंच लेन्सपायी दिवाळं निघालंय. असो, सोनीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी : टॅमरॉनची ७०-३०० स्वस्त आणि हलकी आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. बॉडीतही नसेल (ए६४०० वगैरे), तर पक्षी स्थिर बसेल आणि तुम्हीच हलाल. मी हललो.

सुरसागरचा_कठडा

मी पर्याय तीनच्या बाजूचा. रागावू नका.

पंधरा वर्षं फोटो काढतोय. माझा सर्वांत चांगला मगरीचा फोटो ५५-२१०सारख्याच साध्या लेन्सवर, काळ्याघोड्याच्या पुलावरून काढलाय. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको. पुलावर उभं राहायचं, सकाळी ऊन अंगावर घ्यायला ती काठावर येते, तोंड उघडून पडते, आणि आपण वर उभे. लेन्स वाढवून अंतर कमी होत नाही. जागा आणि वेळ निवडून होतं. वढवाण्यालाही एका जागी दोन तास न हलता बसून पाहा. पक्षी आपणहून जवळ सरकतात. बहुतेक लोक वीस मिनिटांत कंटाळून चहाला जातात.

साठ हजारांत साठ वेळा वढवाण्याला जाऊन येता येईल.

पाणवठा

मगर पळत नाही हो. पट्टकादंब पाळीवर माणूस दिसला की सरकतो, जवळ नाही, लांब. आणि कुणी पुढे घुसायला लागलं की अख्खा थवा उठतो आणि उरलेल्या सगळ्यांची सकाळ वाया. जवळ जाण्यापेक्षा लांबची लेन्स पक्ष्यालाही बरी.

बसण्याचा मुद्दा मात्र मान्य. मी पण चहाला जातो.

एफ_बाय_दोन

गरब्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून बोलतो. ताई, या तिन्हींतली एकही लेन्स गरब्याला नेऊ नका. मैदानात दिवे भरपूर दिसतात, पण ते डोळ्यांना. फिरत्या मुलीला निदान १/२५० शटर हवं. एफ/२ला समजा आयएसओ ३२०० लागला, तर एफ/८ला चार स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे ५१२००. आर५० सरळ मार्गाने ३२०००पर्यंतच जाते. स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरतं, लेकीची गिरकी नाही.

त्यापेक्षा साधी ५० मिमी एफ/१.८ घ्या. टेलिफोटोच्या मानाने स्वस्तात मिळते, आणि आर५०च्या लहान सेन्सरवर ८० मिमीसारखी वागते. म्हणूनच म्हणतो : जुनी ५५-२५०, अॅडॉप्टर आणि ही ५०, तिन्ही मिळून साठ हजारांच्या आत. पक्षीही झाले, गरबाही झाला. सगळे पैसे एका एफ/८मध्ये ओतलेत तर नवरात्रात परत हाच धागा काढाल.

दांडियाबाजारचा_जुना

+१. हा पोरगा आज शहाण्यासारखा बोलतोय.

पाणवठा

जुनी घेणार असाल तर घेण्याआधी एक करा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, एका टोकाला मोबाईलचा टॉर्च धरा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की नमस्कार करून घरी या. बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. फोटो काढून बघितला तर त्यात काही कळत नाही, म्हणून विकणारे आधी फोटोच दाखवतात.

मांजलपूरकरीण

दहा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

एफभाऊंचं गणित यजमानांना पटलं. (त्यांना काहीही स्वस्त पटतं.) म्हणून आधी जुन्या ५५-२५०च्या मागे लागले. पहिली एका ओळखीच्यांची, तिच्यात पाणवठांनी सांगितलेली जाळी टॉर्चमध्ये लख्ख दिसली. विकणारे म्हणाले, "ती धूळ आहे, फोटोत येत नाही." शब्द न शब्द तोच! दुसरी एका दुकानात. काच स्वच्छ होती, पण झूम मधेच अडकत होती, आणि दुकानदार "वापरून वापरून सैल होईल" म्हणाले. वापरून सैल झालेली नको म्हणून तर मी तपासत होते.

मग मैत्रिणीच्या दिरांची १००-४०० एका सकाळपुरती मागून घेतली आणि परत वढवाणा. सुरसागरकाका, यावेळी तुमच्या सांगण्यावरून पाळीच्या खाली एका जागी बसले. दोन तास नाही, सव्वा तास. पाय मुंग्यांनी खाल्ले. पक्षी जवळ आले का? तीन वारकरी (कूट, काळे पाणपक्षी) आले, ते तसेही येतात. पट्टकादंब आपल्या जागी.

पण सव्वाआठ वाजता त्यांतला एक मान उंचावून माझ्याकडेच बघत उभा राहिला. आयएसओ १६००, १/१०००. डोळ्यावर चौकट बसली आणि हलली नाही. घरी मोजलं, ५४० पिक्सेल. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, एक डोळ्यापासून मागे जाणारा, एक त्याच्याखाली मानेशी. त्याच्याआधीचे साडेसातचे उडते फोटो मात्र काकांच्या भाषेत रवा. शिरा करता येईल इतका.

नवी १००-४०० घेतली. कालच आली.

एफ_बाय_दोन

अभिनंदन. पण ५५-२५० चांगली मिळाली असती आणि शेजारी ठेवून तोच पक्षी काढला असता, तर ए-फोरवर फरक दाखवता आला नसता, यावर मी ठाम आहे. आणि गरब्याचं काय ठरलं?

मांजलपूरकरीण

गरब्याला अजून नऊ-दहा महिने आहेत. ५० मिमीसाठी डबा केलाय, त्यात सध्या अकराशे रुपये.

दांडियाबाजारचा_जुना

हूड?

मांजलपूरकरीण

नव्हता, काका. खोकं दोनदा उलटं करून पाहिलं.