१,६२,००० किलोमीटर चाललेली डिझेल गाडी: आधी कोणती कामे करून घ्यावीत?

सातारकर:
नमस्कार. मागच्या महिन्यात मी २०१४ सालची डिझेलवरची मारुती स्विफ्ट डिझायर घेतली. मीटरवर १,६२,००० किलोमीटर दिसतात. आधीच्या मालकांनी ९०,००० किलोमीटरपर्यंतच्या सर्व्हिसिंगची बिले फाइलला लावून ठेवली होती. त्यानंतर गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये जात असे आणि तिथले काहीच लिहिलेले नाही. सध्या गाडीची काही तक्रार नाही, पिकअप चांगला आहे, ॲव्हरेजही ठीक मिळते. आठवड्यातून एकदा पुण्याला आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला, सासुरवाडीला, माझे जाणे असते. एका गॅरेजवाल्याने ‘चालतेय तोवर हात लावू नका’ असे सांगितले, तर दुसऱ्याने इंजिन फ्लशिंगपासून (रसायनाने इंजिन आतून धुणे) इंजेक्टर साफ करण्यापर्यंत ६५,००० रुपयांची यादी हातात ठेवली. पावसाळ्यापूर्वी मी साधारण ४०,००० रुपये खर्च करू शकतो. त्यात कोणती कामे आधी घ्यावीत आणि कोणती थांबली तरी चालतील?

आगारातला:
मी एसटीच्या आगारात यांत्रिक म्हणून २८ वर्षे काढली आहेत, त्यामुळे पहिल्या गॅरेजवाल्याचा सल्ला मला मुळीच मानवणारा नाही. ज्या कामाचे बिल नाही ते काम झालेलेच नाही, असे धरून चाला. म्हणजे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे विसरतात ते गिअरबॉक्सचे ऑइल, एवढे एकदम बदलून घ्या आणि त्या दिवसापासून नवा हिशेब सुरू करा. या साऱ्यात तुमची अर्धी रक्कमही जाऊ नये.

फ्लशिंग मात्र करू नका. जुन्या इंजिनात साचलेला गाळ एकदम सुटला, तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि ऑइलचा दाब पडतो. त्यापेक्षा मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे ऑइल आता घाला आणि नेहमीच्या १०,००० ऐवजी ३,००० किलोमीटरलाच पुन्हा बदला. गाळ हळूहळू निघून जाईल. डिझेल इंजिनात नवे ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळे पडते, म्हणून रंग पाहून घाबरू नका, डिपस्टिकवरची पातळी पाहत जा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालायला सांगा. तो जुनाच बसवल्यामुळे ठिबकणाऱ्या कितीतरी गाड्या ‘ऑइल सील गेले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या आहेत.

तुमच्या १२४८ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) नसून चेन आहे, त्यामुळे ती ठरावीक किलोमीटरला बदलण्याचा प्रश्न येत नाही. पण ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर लवकर झिजतात. यासाठी एक साधी परीक्षा करा. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी बोनेट उघडून फॅन बेल्टच्या बाजूला उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. डिझेल इंजिनाची नेहमीची टकटक वेगळी आणि पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तसा खळखळाट वेगळा. तो सेकंदभर येऊन थांबला तर लक्ष ठेवा, रोज येऊन लांबत चालला तर मात्र वाट न पाहता चेन किट बदला, कारण चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनकामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊन पोहोचतो. आवाज नसेल तर उगाच उघडू नका.

घाटाविषयी स्वतंत्र लिहितो, कारण गाडी रस्त्यात बंद पडणे वेगळे आणि ब्रेक न लागणे वेगळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कुंभार्ली उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर तापून आतल्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे आणि उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धरणे, हे दोन्ही हवे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

रत्नागिरीहून:
वरच्या प्रतिसादात इंजिनाचे सगळे आले आहे, म्हणून मी फक्त पाण्याबद्दल लिहितो. कोकणात गाड्या इंजिनाआधी पत्र्याने जातात. माझ्या जुन्या गाडीत पावसाळ्यात चालकाच्या पायाखालचा गालिचा कायम ओला राहायचा आणि मी दरवाजांची रबरे बदलत बसलो. शेवटी वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली, तेव्हा आत आंब्याच्या पानांचा कुजलेला थर निघाला. पाणी जायची वाट बंद झाल्यामुळे ते आत उतरत होते आणि तोवर तळाचा पत्रा बोटाने खचू लागला होता. दरवाजांच्या खालच्या कडेलाही बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करा. चिपळूणहून परतल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुऊन घ्या. अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक लेप) करायचे असेल तर आधीचा गंज खरवडल्याशिवाय करू नका, नाहीतर गंज आत झाकलेला राहतो आणि वाढतो.

हिशेबनीस:
इंजेक्टर साफ करणे, सस्पेन्शनचा पूर्ण संच आणि क्लच ही कामे यादीतून तूर्त काढा. इंजिन एकसारखे चालत असेल, धूर नसेल आणि चढावर क्लच घसरत नसेल, तर हे पैसे राखून ठेवावेत. त्याऐवजी टायर पाहा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरहून खोल असली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. स्टेपनीचाही आकडा वाचा.

सातारकर:
आपल्या सर्वांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी गाडी तपासली. सकाळी स्टार्टर मारल्यावर खळखळाट आला नाही. पुढचे टायर २०२१ चे आहेत, मागचे दोन्ही २०१६ चे निघाले, म्हणून ते बदलायचे ठरवले आहे. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखे दिसते. चिंता वाटली ती कूलंटची: बाटलीत रंगीत कूलंटऐवजी गढूळ तांबूस पाणी आहे आणि रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरलेले आहे. फक्त कूलंट बदलून भागेल का?

आगारातला:
भागणार नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले आहे आणि तो आतला गंज आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी काढा, निवळ येईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा, झाकण आणि थर्मोस्टॅट नवे घाला, पाण्याचे होज दाबून पाहा. जो फुगलेला किंवा चिरलेला असेल तो बदला. मग डिस्टिल्ड पाण्यात मॅन्युअलमधल्या प्रमाणात कूलंट मिसळून भरा आणि आतली हवा नीट काढायला सांगा. वॉटर पंपाखाली ओघळाचा पांढरट डाग दिसतो का, तेही त्याच वेळी बघून घ्या. दिसला तर पंपही आत्ताच बदला, म्हणजे नवे कूलंट पुन्हा सांडावे लागणार नाही.