चर्चा: कंट्रोलरमध्ये कस्टम रूट टाकायचे की नवा कंट्रोलर काढायचा?

चाटी गल्ली: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर हातात आलंय, लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमधलं. रिसोर्स रूटचे, म्हणजे ऑर्डरसारख्या एका गोष्टीच्या (रिसोर्सच्या) ठरीव पत्त्यांचे, यादी, दाखवणं, बदलणं, काढणं असे नेहमीचे सात अ‍ॅक्शन आहेतच, वर रद्द, होल्ड, पुन्हा चालू, डिस्पॅच असे कस्टम रूट, म्हणजे आपण वेगळे जोडलेले पत्ते. कंट्रोलर, म्हणजे या सगळ्या विनंत्या हाताळणारी फाईल, उघडला की काही सापडत नाही. माझं मत, सातच्या बाहेरचा अ‍ॅक्शन लागला की बहुतेक वेळा तिथे वेगळा रिसोर्स दडलेला असतो. ऑर्डर रद्द होते तेव्हा कारण, तारीख, कोणी केली हे सगळं येतं. ते 'रद्दीकरण' म्हणून वेगळं नोंदवा. जादा अ‍ॅक्शन वाढले तर नवा रिसोर्स लपलाय का बघा, असं रेल्स या रुबी फ्रेमवर्कचं गाईडही सांगतं.

विजापूर वेस: नाही पटलं, दादा. बाकी राहिलेल्या ऑर्डरच्या यादीचा /ऑर्डर्स/प्रलंबित हा पत्ता नवख्या पोरालाही वाचून कळतो. त्याच गाईडमध्ये मेंबर आणि कलेक्शनही दिलेत की! एकाच ऑर्डरवर काम असेल तर मेंबर, पत्त्यात आयडी येतो. यादीवर असेल तर कलेक्शन, आयडी लागत नाही.

जुळे सोलापूर: लारावेलमध्ये प्रलंबितचा रूट रिसोर्सच्या वर लिहा. खाली लिहिला तर विनंती एकच ऑर्डर दाखवणाऱ्या शो अ‍ॅक्शनला जाते, 'प्रलंबित' हाच आयडी धरला जातो आणि ४०४ (सापडलं नाही) येतो. पहिला जुळेल तो रूट लागतो. शंका आली की रूट लिस्ट काढून बघा.

चाटी गल्ली: यादीला इंडेक्सवर, म्हणजे नेहमीच्या यादीच्या पत्त्यावर, स्टेटस पॅरामीटर पुरतो. खरी काळजी वेगळीच आहे, इथे रद्दचा रूट गेटवर (GET, नुसतं पान मागवायची मेथड) आहे, म्हणजे लिंक उघडली तरी ऑर्डर रद्द. २००५ मध्ये गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. त्यात डिलीटच्या लिंकाही उघडल्या आणि लोकांचा डेटा गेला.

विजापूर वेस: गेटचं शंभर टक्के बरोबर, तिथे बदल करायच्या मेथड, पोस्ट किंवा पॅचच हव्यात. पण तो दोष मेथडचा, कस्टम रूटचा नव्हे. होल्डला एक कॉलम बदलतो, त्यासाठी नवं टेबल कशाला?

चाटी गल्ली: टेबल नकोच. वेगळ्या होल्ड कंट्रोलरचा स्टोअर (नोंद करणारा) तोच कॉलम भरतो, डिस्ट्रॉय (काढणारा) रिकामा करतो. होल्ड आणि पुन्हा चालू, दोन्ही एका छोट्या फाईलमध्ये बसतात. डिस्पॅचला मात्र टेबल लागेलच, एका ऑर्डरचे गठ्ठे दोन-तीन गाड्यांतून जातात.

विजापूर वेस: डिस्पॅचचं मान्य. प्रलंबितचा रूट मात्र मी काढणार नाही. आमच्या क्लायंटच्या गोदामातली माणसं तोच पत्ता बुकमार्क करून रोज उघडतात.