गर्भपाताच्या विरोधात आहे एवढंच बघून मत द्यायचं, हे आपल्या विश्वासातून येतं का पुढाऱ्यांकडून?

जालन्याचा:
नमस्कार. आम्ही जालन्याचे, पणजोबापासून ख्रिस्ती. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्ससला असतो, आता तिकडचा सिटिझन झालाय. फॅमिली ग्रुपवर रोज टाकायलाय की खऱ्या ख्रिस्ती माणसानं गर्भपाताला विरोध करणाऱ्या पार्टीलाच मत द्यावं, बाकी काहीच बघू नये. परवा आई मला विचारती, आपल्याकडं १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, पाळकसाहेबांनी इलेक्शनच्या टायमाला हा विषय कधी काढला नाही, मग तिकडंच एवढं का? मला सांगता आलं नाही. मी स्वतः गर्भपात पापच मानतो, आईच्या पोटात देवानंच घडवलं हे स्तोत्र १३९ लहानपणापासून पाठ आहे. पण बाकी सगळं सोडून एकाच गोष्टीवर मत, हे मनाला पटना.

छावणीवाला, संभाजीनगर:
दादा, तिकडंपण हे पहिल्यापासून असं नव्हतं. कॅथलिक चर्चचा विरोध जुनाच, पण सदर्न बॅप्टिस्ट म्हणजे तिकडच्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी, आपला कायदा आला त्याच साली, १९७१ ला, ठराव केला होता की बलात्कार, गर्भात मोठं व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका, अशा वेळी कायद्यानं मुभा असावी. रेगननं गव्हर्नर असताना १९६७ ला कॅलिफोर्नियात मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १९८० ला विरोधाची भाषा करून प्रेसिडेंट झाले. ट्रम्प १९९९ ला टीव्हीवर बाईला निवडीचा हक्क पाहिजे म्हणत होते, २०१६ ला म्हणले विरोधातले जज देतो, तीन दिले, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा जुना निकाल रद्द केला. शब्द पाळला, हे मान्य करावंच लागतं. पण त्याच साली ऑगस्टात कॅन्सससारख्या, ट्रम्पच्याच रिपब्लिकन पार्टीच्या राज्यात लोकांनी गर्भपाताचा हक्क काढायच्या विरोधात मत दिलं, तवा २०२४ ला ट्रम्पनी भाषा बदलली, ज्याच्या त्याच्या राज्यानं बघावं. वचन तेच, पोटातलं लेकरू तेच, मग भाषा कशानं बदलली हे भावाला विचार.

नर्सताई, बीड:
मी विश्वासणारी आहे आणि बरीच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलीत म्हणून लिहायले. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. लिंगतपासणीवर १९९४ चा कायदा असून. मुलगी म्हणून गर्भ पाडतात त्याचं मला रात्र रात्र वाईट वाटतं. पण ऊसतोडीला जाणारी बाई सातव्या महिन्यातपण डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरती, कारण उचल घेतलेली असते आणि एक खाडा पडला की पैसे कापतात, तिच्या पोटातल्या लेकरासाठी कोणता पुढारी उभा राहतो ते मला दाखवा. नाताळाला केक कापायला सगळे येतात. भावाच्या टेक्ससमध्ये आता बलात्कारातून गर्भ राहिला तरी सूट नाही, त्या पोरीचं पुढं काय, हे कोणत्या सभेत बोलतात का?

एक विश्वासी, नांदेड:
ताई, तुमचं काळीज कळतं, पण मी सहमत नाही. पोटातल्या लेकराला मत नसतं, त्याच्यासाठी कोणी एकाच मुद्द्यावर अडून बसलं तर चुकलं काय? इंग्लंडचे ख्रिस्ती खासदार विल्बरफोर्स, त्यांनी गुलामांचा व्यापार बंद करायला वीस वर्षं असंच लावून धरलं, तवा कुठं १८०७ ला कायदा झाला. पुढारी मतासाठी बोलला तरी जीव वाचला तर वाचला.

नर्सताई, बीड:
भाऊ, लावून धरा, मी अडवत नाही. पण विल्बरफोर्सनं हरल्यावर भाषा बदलली नाही, परत परत तेच मांडलं. आणि लेकरासाठी भांडताना आईला खाट, रक्त, रजा मिळावी म्हणूनपण तेवढ्याच जोरानं भांडा ना, ती दोघं एकाच अंगात असतात.

जालन्याचा:
सगळ्यांचे आभार. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, खाड्याचं ऐकून गप्पच बसली, तिची आई पण ऊसतोडीला जायची. भावाला आता फॉरवर्ड पाठवत नाही, रविवारी उपासनेनंतर फोनच लावतो.