विक्रम-वेताळात तुमचं आवडतं पात्र कोण? माझं मत वेताळाला

टिळकवाडीची वाचक

विक्रम-वेताळ म्हटलं की आवडतं पात्र म्हणून बहुतेकांच्या तोंडी विक्रमाचंच नाव येतं. शूर, न्यायी, जिद्दी राजा. माझं मत वेताळाला आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही कथा अर्धीच माहीत आहे. चांदोबा मासिकात ती वर्षानुवर्षं चालली. जुन्या पंचवीस गोष्टी संपल्यावर त्याच चौकटीत नव्या गोष्टी लिहून घेतल्या गेल्या. चित्रकार शंकर यांचं चित्र आठवा: उपसलेली तलवार, खांद्यावरून लोंबणारं प्रेत. दर अंकात राजा निघायचा, दर अंकात वेताळ झाडावर परत. म्हणजे चांदोबातला विक्रम कधी पोचलाच नाही. पुढे १९८५ साली रामानंद सागरांची मालिका दूरदर्शनवर आली. अरुण गोविल राजा, सज्जन वेताळ. ते पांढरे पिंजारलेले केस, ते हसणं आणि ते उडून जाणं, एवढंच डोक्यात बसलं. त्यामुळे वेताळ म्हणजे राजाला छळणारं भूत, असा आपला पक्का समज.

आता सोमदेवाच्या कथासरित्सागरात बघा. अकराव्या शतकातला काश्मीरमधला ग्रंथ, पण राजा आपल्याकडचा: त्रिविक्रमसेन, म्हणजेच आपला विक्रम, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येतो, एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ तसंच खजिनदाराकडे देतो. एक दिवस पाळलेलं माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. खजिन्यात जाऊन बघतात तर जुनी फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. राजा उपकाराखाली दबला. मग भिक्षू आपलं काम सांगतो: कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये आणि शिंशपाच्या झाडावर लटकलेलं प्रेत मला आणून दे.

मला भीती वाटते ती या फळांची. इतकी वर्षं रोज गोड बोलून, हात जोडून माणसाला बळीसाठी तयार करणं. आणि हे सगळं कोणाला माहीत आहे? त्या प्रेतात शिरलेल्या वेताळाला. शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प चालत राहतो, तेव्हा वेताळ त्याला सांगतो: तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि वाकलास की तुझाच बळी देईल. तू म्हण, मी राजा, मला ते जमत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. तो आडवा झाला की मान उडव.

पूर्ण कथेत जिवंत माणूस फसवतो आणि भूत खरं बोलतं. म्हणून माझं मत वेताळाला. तुम्ही सांगा.

निपाणीचा मास्तर

ताई, मूळ कथा मांडलीत हे फार बरं केलंत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. वेताळाला भिक्षूचा डाव पहिल्यापासून माहीत होता ना? मग पहिल्याच फेरीत का नाही सांगितलं? एका माणसाला रात्रभर चितांच्या धुरातून पुन्हा पुन्हा मागे फिरवायचं, वर धमकी द्यायची की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी निघालो. दोन्हीकडून राजाची कोंडी. याला मी सचोटी म्हणणार नाही.

आणि त्या कोंडीतला राजा बघा. बोलला की केलेली चाल वाया जाणार हे त्याला दुसऱ्या फेरीपासून पक्कं माहीत आहे. तरी तो प्रत्येक वेळी विचार करून, कारणं देऊन उत्तर देतो. घाईने काहीतरी ठोकून देत नाही. मदनसेनेची गोष्ट घ्या. लग्न झाल्यावर आधी तुझ्याकडे येईन, असा शब्द ती एकाला देऊन बसलेली. नवऱ्याला खरं सांगते, तो जाऊ देतो. वाटेत चोर गाठतो, तिची हकीकत ऐकून तोही दागिन्यांसकट सोडतो. ज्याला शब्द दिला तोही परत पाठवतो. यात मोठ्या मनाचा कोण? आपण पटकन नवरा म्हणू. राजा म्हणतो, चोर. नवऱ्याचं मन तिच्यावरून उडालं होतं, ज्याला शब्द दिला त्याला राजदंडाची भीती होती, पण अंधारात, कोणी बघत नसताना, हातात आलेलं सोडलं ते चोराने. एका राजाने चोराच्या बाजूने दिलेला हा निवाडा आहे. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

शहापूर पेठ

मास्तर, पण डोकं फुटायच्या भीतीने दिलेलं उत्तर न्याय कसा? धाकाखाली कोणीही बोलेल.

निपाणीचा मास्तर

धाक गप्प राहण्याबद्दल होता, खोट्याबद्दल नव्हता. राजाला चुकीचं उत्तर देऊन सुटता आलं असतं. त्याने तसं एकदाही केलं नाही. शिवाय घरी परत जायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. भिक्षूला शब्द दिलाय, एवढ्या एका कारणावर तो परत परत झाडावर चढतो.

खानापूरकर

तुम्ही सगळे वेताळाला भूत भूत म्हणताय, ते आमच्याकडे चालायचं नाही. घाट उतरून वेंगुर्ल्याकडे आरवलीला जावा. तिथे वेतोबा देव आहे. नवस फेडायला लोक केळीचे घड आणि हे मोठे चामड्याचे जोड वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून पायताण झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यातही गावोगावी वेताळ आहे. आमच्या जंगलपट्टीतली जुनी माणसं अंधारात त्याचं नाव घेतात ते धीर यावा म्हणून घेतात.

त्या नजरेने कथा वाचा की. रात्री शिवेबाहेर कोण अनोळखी माणूस तलवार घेऊन आला? राखणदार त्याला अडवणार, प्रश्न विचारणार, पारखणार. माणूस खरा निघाला तर त्याला सुखरूप पोचवणार. मास्तरांनी विचारलं, पहिल्या फेरीतच का नाही सांगितलं. राखणदार कोणालाही पहिल्या फेरीत आत सोडत नसतो. टीव्हीवर त्याला खिदळणारा म्हातारा केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. माझं मत वेताळालाच, पण ताईंच्या कारणाने नाही.

निपाणीचा मास्तर

खानापूरकर, श्रद्धेबद्दल आदर आहे, पण दोन्हींची सरमिसळ नको. कथेतला वेताळ प्रेतात शिरणारा आहे, स्मशानातला आहे. आरवलीचा देव ग्रामरक्षक आहे. नाव एक असलं तरी काम वेगळं.

खानापूरकर

काम वेगळं कसं? भुतांवर ज्याचा हुकूम चालतो तोच गावाला भुतांपासून राखू शकतो. कोकणात हे कोणालाही विचारा.

विशीतला बेळगावकर

मी चांदोबा वाचलेला नाही, मालिकाही यूट्यूबवर तुकड्यांत बघितली. माझी ओळख २०१७ च्या विक्रम वेधा या तमिळ सिनेमामुळे. पोलीस विक्रम, म्हणजे माधवन, आणि गुंड वेधा, म्हणजे विजय सेतुपती. वेधा दर वेळी हाती लागतो, एक गोष्ट सांगतो, एक प्रश्न टाकतो आणि निसटतो. प्रत्येक प्रश्नानंतर पोलिसाची स्वतःबद्दलची खात्री थोडी कमी होते. मला वेधा आवडतो, कारण तो समोरच्याला स्वतःच्या डोक्याने विचार करायला लावतो. म्हणजे माझंही मत वेताळाच्या बाजूला.

शहापूर पेठ

सिनेमा चांगलाच आहे, पण त्यात स्मशान नाही, प्रेत नाही. खांद्यावर मेलेल्या माणसाचं वजन घेऊन चालणं हा या कथेचा जीव आहे. ते काढलं की कोड्यांचा खेळ उरतो. आपल्याकडे बेळगावात ६ डिसेंबरला राजकीय नेते सतीश जारकीहोळी सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढतात, अंधश्रद्धेविरुद्ध. त्याची बातमी दर वर्षी होते, कारण स्मशानात रात्र काढणं आजही साधी गोष्ट वाटत नाही. विक्रम तिथे एकटा आहे.

अथणीची अक्का

मी कन्नड शाळेत शिकले, चंदमामा कन्नडमध्ये वाचला, घरी मराठी. दोन्ही भाषांत बेताळ मोठा आणि बायका छोट्या. इथेही तेच चाललंय. इतकी मतं पडली, विक्रम नाहीतर वेताळ. गोष्टींच्या आत कोण आहे, ते कोणी बघायचं?

माझी मदनसुंदरी. नवरा देवळात जाऊन देवीपुढे स्वतःची मान कापतो. त्याला बघून दुसराही कापतो. ती स्वतः जीव द्यायला निघते तेव्हा देवी म्हणते, धडांवर डोकी ठेव, उठतील. गडबडीत डोक्यांची अदलाबदल होते. कथासरित्सागरात तो दुसरा माणूस तिचा भाऊ आहे, आणि हे कळल्यावर अंगावर काटा येतो. नवऱ्याच्या धडावर भावाचं तोंड. आता तिचा नवरा कोण? विक्रम म्हणतो, डोकं सगळ्या अवयवांत श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचं डोकं ज्याला तो नवरा. झालं. वेताळ उडाला, पुढची गोष्ट सुरू. ती बाई त्या घरी जाऊन रात्री कोणाच्या हातचं पाणी प्याली, हे ना राजा विचारतो ना वेताळ.

ते विचारलं गिरीश कर्नाडांनी, १९७१ च्या हयवदन नाटकात. तिथे भावाच्या जागी मित्र आहे. देवदत्ताची बुद्धी, कपिलाचं शरीर, आणि मधे पद्मिनी. तिथेही ऋषी हाच निवाडा देतो, डोकं श्रेष्ठ, पण नाटक तिथे थांबत नाही. हळूहळू धडं डोक्यांसारखी होत जातात आणि पद्मिनीला जे मिळालं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत निसटतं. विजया मेहतांनी ते मराठीत आणलं. धारवाडात शिकलेल्या, कोकणी घरातल्या माणसाने कन्नडमध्ये लिहिलं आणि मराठी रंगभूमीने आपलं मानलं. या सगळ्या रूपांत मला पद्मिनीपेक्षा जिवंत पात्र दिसत नाही.

टिळकवाडीची वाचक

अक्का, पद्मिनीबद्दल पूर्ण सहमत. पण एक सांगते, तो प्रश्न टिकला तो वेताळाने विचारला म्हणून. त्याने राजाला कधी सोपा प्रश्न टाकला नाही.

अथणीची अक्का

विचारला, पण उत्तर मिळाल्यावर समाधान कसं झालं त्याचं? मी असते तर म्हटलं असतं, राजा, पुन्हा विचार कर.

शहापूर पेठ

मग मीही माझं सांगतो. विक्रम नाही, वेताळ नाही. तो सात वर्षांचा पोरगा, जो मरताना हसतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चंद्रावलोक राजावर ब्रह्मराक्षस कोपतो. तुझ्या बदल्यात सात वर्षांचा ब्राह्मणाचा मुलगा दे, म्हणतो, आणि आईबापांनी त्याचे हातपाय धरायचे, तू स्वतः मारायचं. राजा सोन्याची, रत्नं जडवलेली मूर्ती गावोगाव फिरवतो. एक मुलगा स्वतःहून तयार होतो, गरीब आईबाप धनापायी हो म्हणतात. शेवटी आईने हात धरलेत, बापाने पाय, राजाने तलवार उचललीय, समोर राक्षस, आणि पोरगा हसतो. का हसला? विक्रमाचं उत्तर असं: पोराला भीती वाटली तर ते आईबापांकडे धावतं, ते नसले तर राजाकडे, राजा नसला तर देवाकडे. इथे सगळेच हजर आहेत आणि सगळेच त्याच्या जिवावर उठलेत, तेही एका नाशवंत देहाच्या लोभाने.

टीव्हीवर किंवा चांदोबात ही गोष्ट या रूपात बघितल्याचं मला आठवत नाही. ही वाचली त्या दिवसापासून मला बाकी सगळी भुतं किरकोळ वाटतात. राक्षस तर उघड राक्षस आहे. आईचा हात मनगटावर आहे, ते जास्त भयंकर.

विशीतला बेळगावकर

ही गोष्ट मला माहीतच नव्हती. पण शहापूर पेठ, त्या हसण्याचा अर्थ लावला कोणी? विक्रमानेच ना? मग मत मास्तरांकडे जातं.

शहापूर पेठ

अर्थ लावणारा आणि भोगणारा एक नसतो. पोराने कोणाला समजावून सांगितलं नाही. तो हसला, आणि ते पुरे आहे.

टिळकवाडीची वाचक

मास्तर, तुमच्या न्यायी राजाबद्दल एक अवघड प्रश्न. पहिली गोष्ट आठवा, पद्मावतीची. मंत्रिपुत्राच्या डावामुळे तिला चेटकीण ठरवून नगराबाहेर घालवतात आणि आईबाप दुःखाने मरतात. पाप कोणाचं? विक्रम म्हणतो, कर्णोत्पल राजाचं, कारण त्याने हेरांकरवी चौकशी न करता शिक्षा दिली. बरोबर? आणि शेवटी हाच विक्रम काय करतो? प्रेतातून आलेल्या आवाजावर विश्वास ठेवून भिक्षूची मान उडवतो. चौकशी कुठे केली? वेताळ खोटा असता तर? राजाला वाचवलं ते वेताळाच्या खरेपणाने.

निपाणीचा मास्तर

चौकशी केली ताई, आणि नेमकी तीच जागा मला सगळ्यात आवडते. वेताळाने सांगितलं होतं की भिक्षू नमस्कार घालायला सांगेल. राजा स्मशानात गेल्यावर लगेच तलवार चालवत नाही. प्रेत देतो, पूजा होऊ देतो, थांबतो. भिक्षू ते शब्द स्वतःच्या तोंडाने बोलतो, तेव्हा राजा म्हणतो, आधी करून दाखवा. भिक्षूने ते म्हटलंच नसतं तर राजाने त्याला मारलं असतं असं मला वाटत नाही. कर्णोत्पलाने एवढी वाट बघितली असती तर पद्मावती घरी राहिली असती.

टिळकवाडीची वाचक

मान्य, थांबला. पण नमस्कार घाला म्हणणं हा गुन्हा नाही. पूजेत कोणीही म्हणेल. त्या साध्या वाक्याचा अर्थ खून आहे, हे राजाला कोणी सांगितलं?