मदत हवी आहे: इथिलीन आणि जॅस्मोनेट एकाच जीनवर येऊन नेमकं करतात काय?

रावेरचा_पोऱ्या:
नमस्कार मंडळी, एम.एस्सी. बॉटनी दुसरं वर्ष, शिकायला जळगावला, गाव रावेर तालुक्यात. सोमवारी सेमिनार आहे, विषय "वनस्पतीतल्या हार्मोनचे सिग्नल एकमेकांत कसे गुंततात". मीच मागून घेतला, घरी केळी म्हटल्यावर वाटलं इथिलीन तर आपल्या घरचंच. आजोबा वखारीत धूर कोंडून पिकवायचे, त्या धुरातही इथिलीनच असायचं, आता काकाचा माल रायपनिंग चेंबरला जातो, १६-१८ डिग्री, १०० पीपीएम गॅस, साधारण २४ तास, नंतर गॅस बंद केला तरी फणी पिकतच जाते कारण फळ स्वतःच इथिलीन बनवायला लागतं. इथपर्यंत फर्स्टक्लास.

पुढे डोकं बंद पडतं. इथिलीन नसताना रिसेप्टर (हार्मोन ओळखणारं प्रोटीन) चालू असतो आणि इथिलीन आलं की बंद होतो, हे उलटं का? नसताना सीटीआर१ नावाचं प्रोटीन ईआयएन२ या निरोप पुढे नेणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावून गप्प बसवतं आणि ईआयएन३, म्हणजे शेवटी जीन चालू करणारं प्रोटीन, तयार होतं तसं पेशी ते तोडूनही टाकते. मग वाचलं की जॅस्मोनेट, म्हणजे जखम झाली किंवा कीड लागली की वनस्पती बनवते तो हार्मोन, तोपण याच ईआयएन३ वर येतो. दोन वेगळे रस्ते ना हे? मग जीन ऐकतो कोणाचं?

धुळ्याचा_शेवभाजीवाला:
मला वाटलं थायरॉइडचं विचारतोय, बायकोला दाखवायला धागा उघडला. चालू द्या.

जुनी_लॅबवाली:
अरे पोरा, उलटं आहे म्हणून घाबरू नकोस, वनस्पतीत बहुतेक हार्मोन असंच करतात. जीन चालू करणारं प्रोटीन आधीच हजर असतं, फक्त त्याला कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं, हार्मोन येऊन त्या दाबणाऱ्याला हटवतो. इथिलीन आलं की सीटीआर१ थंडावतो, ईआयएन२ चं शेपूट तुटून केंद्रकात जातं, ईआयएन३ तुटायचं थांबतं आणि साठतं.

आता तुझा गुंता. शेतातली मोटर डोळ्यासमोर आण. लाइट आली म्हणजे ईआयएन३ साठलं. पण स्टार्टरच्या बटनावर कोणी हात ठेवून बसला असेल तर मोटर फिरेल का? तो हात म्हणजे जॅझ प्रोटीन. ते ईआयएन३ ला चिकटतं आणि सोबत एचडीए६ नावाचं एन्झाइम आणतं, ते हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढतं, मग जीन घट्ट गुंडाळलेला राहतो. जॅस्मोनेट आलं की सीओआय१ हे प्रोटीन जॅझला पकडून तोडायला पाठवतं. हात निघाला. म्हणून ईआरएफ१ सारखा जीन दोन्ही हार्मोन मिळून जास्त जोरात चालतो, एकेकट्याने तेवढा नाही. रस्ते वेगळे आहेत खरे, भेटतात मात्र ईआयएन३ वर.

रावेरचा_पोऱ्या:
ताई तुम्ही तर मोटरच लावून दिली 🙏 पण मग जॅस्मोनेटने मायसी२ हे जीन चालू करणारं दुसरं प्रोटीनपण सुटतं ना, जॅझ त्याच्यावरही बसलेलं असतं, मग दोन्ही एकदम चालू होतील की?

जुनी_लॅबवाली:
इथेच खरी गंमत आहे, सेमिनारमध्ये याच्यावर जास्त वेळ घालव. सुटलेलं मायसी२ आणि ईआयएन३ एकमेकांना धरतात आणि एकमेकांचं काम अडवतात. इथिलीन सोबत असेल तर ईआयएन३ ची बाजू भारी पडते आणि बुरशीशी लढायचे जीन चालतात, डिफेन्सिनसारखे. अळीने पान कुरतडलं आणि अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड या आणखी एका हार्मोनची साथ मिळाली तर मायसी२ ची बाजू वर येते आणि जखमेचे, किडीविरुद्धचे जीन चालतात. जॅस्मोनेट दोन्हीकडे तेच, निकाल सोबत कोण आहे त्यावर. आणि ईआयएन३ स्वतःला तोडणाऱ्या ईबीएफ२ चा जीनसुद्धा चालू करतं, म्हणजे आपलाच लगाम आपणच तयार करतं, ही स्लाइड टाकच.

रावेरचा_पोऱ्या:
भारी! मग पहिल्या स्लाइडवर घडाचा फोटो आणि त्यावरच हे सगळे बाण काढतो.

जुनी_लॅबवाली:
घडाचा फोटो टाक, पण बाण त्यावर नको. जॅझ-ईआयएन३ चं हे काम अरॅबिडॉप्सिसमधलं आहे, मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप. ते केळीच्या नावावर खपवलंस तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.